आंदणाची गाय

माझ्या लग्नात आबांनी मला काय काय दिलं, ते आता नीट आठवतही नाही. भांडी होती, गादी होती, एक लोखंडी कपाट होतं. त्या कपाटाचं दार पहिल्याच वर्षी वाकडं झालं ते शेवटपर्यंत वाकडंच राहिलं. गाय मात्र डोळ्यांसमोरून हलत नाही.

लग्न होऊन आठ-नऊ दिवस झाले होते. सकाळी दार उघडलं तर अंगणात माझे वडील उभे. वहाणा धुळीने पांढऱ्या झालेल्या, सदरा पाठीला चिकटलेला, हातात दावं आणि दाव्याला एक तांबडी गाभण कालवड. पहूरजवळच्या आमच्या गावाहून दीपनगरपर्यंत ते तिला दोन दिवस चालवत घेऊन आले होते. जामनेरच्या पुढे ओळखीच्या एका शेतात रात्र काढली होती. माझे मिस्टर वीज केंद्रात कामाला, नुकतेच पाळीवरून आलेले. ते म्हणाले, "आबा, ट्रकमध्ये घालून आणायची ना. एवढं कशाला चालवलंत तिला?"

आबा म्हणाले, "तिले वाट ठाऊक असू द्या."

मला फार लाज वाटली होती. नवं सासर, शेजारणी दारात येऊन बघताहेत, आणि आपला बाप असा गुराखी होऊन आलेला. मी गाईला ओवाळलं, पण तोंड फुगवूनच ओवाळलं. आबांनी ते पाहिलं असणार. ते कालवडीच्या गळ्याखाली लोंबणाऱ्या कातडीच्या पोळीवरून हात फिरवत राहिले.

आमच्या घरी गाय विकायची नाही, असा रिवाज होता. गोऱ्हे मोठे करून बैल म्हणून विकायचे, त्यावर घर चालायचं. पण कालवड बाजार बघायची नाही. ती घरात राहायची, नाहीतर लेकीच्या लग्नात आंदण म्हणून तिच्याबरोबर सासरी जायची. हे सुरू झालं आबांच्या आईपासून. ती सातपुड्याच्या पायथ्याच्या, रावेरच्या पुढच्या एका खेड्यातून लग्न होऊन आली तेव्हा तिच्याबरोबर एक निमाडी गाय आली होती. अंगाने तांब्यासारखी, आणि त्यावर चुना शिंपडल्यासारखे पांढरे शिंतोडे. त्या एका गाईचा सगळा वंश. म्हणून आमच्याकडे गाईंना लक्ष्मी, कपिला अशी नावं नव्हती. आजीची, आत्याची, थोरलीची अशी नावं होती, ज्या लेकीसाठी ती राखून ठेवलेली असेल तिच्यावरून. थोरली म्हणजे माझी बहीण. धाकली मी. म्हणून माझ्याबरोबर आलेली गाय ती धाकलीची. तिच्या आईलाही तेच नाव होतं, आणि लहानपणी कुणी "धाकलीची फार लाथा मारते" असं म्हटलं की मी भांडायला उठायची. खोटं कशाला सांगू, लाथा मारण्यात आमच्या दोघींत फारसा फरक नव्हता.

आबा शाळेत दोन-तीन वर्षं गेले असतील. पण कुठली गाय कुणाची, तिची आई कोण, बाप कोण, हे त्यांच्या डोक्यात चार पिढ्यांपर्यंत पक्कं होतं. बाप-लेक आणि भाऊ-बहीण एकत्र येता कामा नयेत म्हणून ते दर चार-पाच वर्षांनी आपला वळू रावेरकडच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला देत आणि त्याचा आणत. वासरू महिन्याचं झालं की त्याची परीक्षा व्हायची. मानेची कातडी चिमटीत धरून ओढायची आणि सोडायची, ती किती लवकर बसते ते बघायचं. खुरावर बोटाच्या पेराने टकटक करून कान लावायचा. आणि शेवटी डोळे मिटून वशिंडावर हात ठेवायचा. डोळे कशाला मिटता, असं मी एकदा विचारलं होतं. "रंग भुलवतो," ते म्हणाले. "हात भुलत नही."

ऐंशीनंतर आमच्या भागात सगळं भराभर बदललं. पैसेवाल्यांकडे ट्रॅक्टर आले. गुरांच्या दवाखान्यातून जर्सीचं बी मिळू लागलं, आणि गावोगावचे वळू खच्ची होऊ लागले. दहा-बारा गावांत निमाडी वळू एकट्या आबांकडे उरला. लोक त्यांची थट्टा करायचे. पारावर बसलेलं कुणी ना कुणी विचारायचंच, "आबा, तुमचा जावई काय म्हणतो? नुसता जेवतो का काही काम करतो?" आबाही हसायचे. पण त्या वळूला ते सकाळी स्वतः पाणी पाजल्याशिवाय चहा घ्यायचे नाहीत. शेतातल्या कापसापेक्षा गोठ्यातल्या सहा गाईंवर त्यांचा जीव होता, आणि ही गोष्ट माझ्या आईने त्यांना जन्मभर ऐकवली.

आम्ही दीपनगरच्या वसाहतीला लागून असलेल्या खेड्यात भाड्याने राहत होतो. मागे मोकळी जागा होती, तिथे पत्र्याखाली गाय बांधायची. माझ्या सासूबाई धुळ्याकडच्या. त्यांचं बोलणं मला पहिले सहा महिने अर्धंच कळायचं. वारा उलटा वाहिला की वीज केंद्राची राख उडून यायची, वाळत घातलेल्या कपड्यांवर, पाण्याच्या टाकीवर आणि बांधावरच्या गवतावर. मी गाईला घालायच्या आधी चारा झटकून घ्यायची. माहेरी डोंगरउतारावर चरणारी गाय इथे झटकलेला चारा खात होती, आणि मला तिची दया यायची. आपलीही येत असावी.

पहिल्या वेताला गोऱ्हा झाला. तो मोठा झाल्यावर आबा येऊन घेऊन गेले. गाय दोन-अडीच लिटर दूध द्यायची, तेही तिच्या मनात असलं तर. शेजारच्या घरी जर्सी होती. तिच्या एका धारेत बादली भरायची. शेजारीण वसाहतीत चार क्वार्टरना रतीब घालायची आणि मान ताठ ठेवून चालायची. मला त्या मानेचा हेवा वाटायचा. पुढे माझी मुलगी झाली, घरात दुधाची गरज वाढली, आणि नेमकी तेव्हा गाय आटत आटत भाकड झाली. सासूबाई रोज विचारायच्या, "दूध कितलं देस तुनी गाय?" त्यांना माहीत होतं कितलं देस ते.

भोवतालच्या गावांत तिच्या जातीचा वळू नव्हता. तिला दोन-चार महिने आबांच्या गोठ्यात नेऊन ठेवायची, असं ठरलेलं होतं. "पाऊस थोडा उघडला की नेतो," आबा म्हणाले होते. ते आले भाद्रपदात.

तो दिवस मी इतक्या वेळा आठवला आहे, की त्यातलं खरं किती आणि मी भरलेलं किती, हे आता मलाच कळत नाही. ते दुपारी आले. ओसरीवर बसले. मी पाणी दिलं, चहा दिला, मुलीला त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी तिच्या टाळूवरून हात फिरवला आणि मागे जाऊन गाईजवळ उभे राहिले. बराच वेळ उभे राहिले. पुन्हा येऊन बसले, पुन्हा गेले. मी विचारलं, "घरी कसं आहे?" ते म्हणाले, "बठ्ठं बरं हाये." मी म्हटलं, "मग गाय नेताय ना आज?" ते गाईकडे बघत राहिले आणि म्हणाले, "पाहू." एवढंच. चार वाजता उठले, टोपी नीट केली आणि रिकाम्या हाताने गाडी पकडायला भुसावळला निघून गेले.

मला संताप आला. इतक्या महिन्यांनी बाप येतो, नातीकडे धड बघत नाही, गाईभोवती फेऱ्या घालतो, आणि नेतो नेतो म्हणून ती नेतही नाही! वर ही भाकड गाय मी पोसायची, बोलणी मी खायची. त्या रागात मी आठवडाभर धुमसत होते. गाय माजावर आली तेव्हा मी दवाखान्यात निरोप पाठवला.

सासूबाई म्हणाल्या, "तुना बापले इचारी ले पहिले."

"गाय माझी आहे," मी म्हटलं. "आंदण दिलीय मला. बापाला काय विचारायचं?"

दवाखान्यातले डॉक्टर मोटारसायकलवर जर्सीच्या बियाचं नळकांडं बांधून आले. सज्जन माणूस. काम करताना त्यांनी गाईच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "ताई, जात चांगली आहे हो. असल्या आता दिसत नाहीत." मी त्यांना थांबवू शकले असते. मी त्यांच्या हातावर साबण आणि पाणी दिलं.

त्या दिवाळीला मी माहेरी गेले नाही. मुलीला गोवर निघाला होता. गेले ते एकदम आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. आमच्याकडे सासुरवाशिणीचं खरं माहेरपण आखाजीला असतं, झोके बांधतात, गाणी म्हणतात. मी गाडीतून उतरून घरी आले, पिशवी ठेवली आणि सवयीने आधी गोठ्यात गेले.

गोठ्यात वळू होता. त्याच्या पलीकडे आत्याची म्हणायची ती म्हातारी गाय होती, जी कित्येक वर्षांत व्यायली नव्हती. बाकी गव्हाणी रिकाम्या होत्या. दावी मात्र सगळी खुंट्यांना गुंडाळून नीट अडकवलेली.

आई चुलीपुढे होती. मी विचारलं तर ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "घटसर्प झाला. श्रावणात. आठ दिवसांत पाच गेल्या." मग म्हणाली, "तुले सांगू नको म्हने. ते तुह्याकडे आल्ले व्हते ना भादव्यात? गाय मांगाले आल्ले व्हते. मांगता नही आलं."

मी तिथेच बसले.

हे नीट सांगायला हवं, नाहीतर बाहेरच्याला ते वेडेपण वाटेल. आधी गाय न्यायची होती ती माझ्या सोयीसाठी. तिला फळवून परत आणून द्यायचं, त्यात काही कमीपणा नव्हता. पण गोठा मेल्यावर ती त्यांना स्वतःसाठी हवी होती, कायमची. थोरलीकडची गाय आधीच संपली होती. तिकडे यावलकडे सगळी केळीची शेती, चरायला जागा नाही. तिच्या गाईला तीन गोऱ्हेच झाले, आणि चौथ्या वेळी साप चावला. म्हणजे आजीबरोबर आलेल्या त्या गाईचा वंश चालवू शकेल अशी उभ्या जगात एकच गाय उरली होती, आणि ती माझ्या पत्र्याखाली होती. आणि आंदण दिलेलं बाप परत मागत नाही. दिलेली लेक परत मागत नाहीत, तसं. एवढ्याशा फरकाने त्यांची जीभ अडली होती. आणि मी समोर बसून बापाचा चेहरा वाचला नाही. मला माझ्या रागातून वेळच मिळाला नाही.

संध्याकाळी आबा शेतातून आले. मी म्हटलं, "आबा, गाय घेऊन या."

"देल्लं ते देल्लं," ते म्हणाले.

"मी देतेय. तुम्ही मागत नाही आहात, मी देतेय." आणि मग सांगणं भागच होतं. "पण ती गाभण आहे. आठवा सरत आला. दवाखान्यातून भरवलीय."

आबा काही वेळ वहाणेचा अंगठा चाचपत राहिले. मला वाटलं, आता बोलतील, निदान एक शिवी तरी देतील. दिली असती तर बरं झालं असतं. ते उठले, बादली उचलली आणि वळूला पाणी दाखवायला गेले. त्याला मघाशीच पाणी पाजून झालं होतं.

जूनमध्ये गाय व्यायली. कालवड झाली. हीच कालवड आबांच्या वळूची असती तर आबांनी गावभर गूळ वाटला असता. ही मळकट पिवळसर होती, काळ्या तोंडाची, पाठ आमच्या ओट्यासारखी सपाट, वशिंड नाहीच, गळ्याखाली पोळी नाही. दिसायला गोड होती, हे मी कबूल करते. माझ्या मुलीने तिला मिठीच मारली. मी तिला महिनाभर "ए" म्हणूनच हाक मारत होते.

हिवाळ्यात आबा गाय न्यायला आले. मिस्टर टेम्पो बघतो म्हणाले. आबा नको म्हणाले. मग मी म्हटलं, "मी येते बरोबर." सासूबाईंनी मुलीला कडेवर घेतलं आणि मला दशम्या बांधून दिल्या. लग्न झालेली बाई बापाबरोबर गाय हाकत रस्त्याने चाललीय, हे लोक वळून वळून बघत होते. या वेळी मला लाज वाटली नाही. वाटायला हवी होती ती दुसऱ्याच गोष्टीची होती.

पुन्हा तीच दोन दिवसांची वाट होती. एका ओढ्याशी गाय आपणहून वळली आणि पाण्यावर गेली. तिथे ती चार वर्षांपूर्वी एकदाच थांबली होती. आबा म्हणाले, "पाह्य. ठाऊक हाये." त्यांच्या आवाजात इतका आनंद होता की मला तोंड दुसरीकडे करावं लागलं. मी म्हटलं, "आबा, चुकले मी." ते म्हणाले, "मी बी बोललो नही ना, माय." आणि पुढे चालू लागले. माझी चूक अर्धी त्यांनी आपल्याकडे वाटून घेतली. पण अर्धी माझ्याजवळ राहिली ती राहिलीच.

गाय आबांच्या वळूपासून गाभण राहिली. ते नऊ महिने आबांनी तिला कसं जपलं ते आई सांगायची. माझं एवढं केलं असतं तर मी राणी झाले असते, म्हणायची. मला पत्र आलं ते शेजारच्या मास्तरांच्या अक्षरात. गोऱ्हा झाला. वार अडकली, डॉक्टरांनी काढली, गाय वाचली. खाली एका ओळीत लिहिलं होतं की आबा बरे आहेत.

मी ते पत्र घेऊन मागे पत्र्याखाली गेले आणि रडले. गोऱ्हा! गोऱ्ह्याने काय होणार होतं? तो वळू होईल, चांगला होईल, पण गाईच नसतील तर वळू कुणासाठी? पुढच्या दोन वर्षांत ती गाय पुन्हा गाभण राहिली नाही. दर खेपेला उलटायची, तीन आठवड्यांत पुन्हा माजावर यायची. आबांनी तो गोऱ्हा मोठा करून रावेरच्या म्हाताऱ्याला दिला, आणि त्याच्याकडचा एक लहान गोऱ्हा पुढच्यासाठी आणला. त्या म्हाताऱ्याकडेही आता कालवड नव्हती. दोन म्हातारे एकमेकांशी गोऱ्हे बदलत होते, आणि ती बदलाबदल बघून लोकांना हसू यायचं.

इकडे माझी ती बिनवशिंडाची मोठी झाली, व्यायली, आणि आठ लिटर दूध देऊ लागली. मी वसाहतीत रतीब घालू लागले. माझीही मान ताठ झाली. आबा अधूनमधून यायचे तेव्हा तिच्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. तिच्या दाव्याला वळसा घालून जायचे.

नव्वदच्या सुमाराची गोष्ट. दिवाळीनंतर आबा आले. आता काठी हातात आली होती, आणि एका डोळ्यात मोतीबिंदू. ओसरीवर बसले, चहा घेतला. मग माझ्या मुलीला म्हणाले, "जाय माय, आजीले बलाव." सासूबाई आल्या. मिस्टर घरीच होते. सगळे जमल्यावर आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. आमच्या घरात लग्नाची बोलणी करताना पुरुष असे बसतात.

"पोरी," ते म्हणाले, "एक मांगू का?"

सत्तरीच्या त्या माणसाने उभ्या आयुष्यात लेकीच्या दारात काही मागितलं नव्हतं. पाणीसुद्धा आम्ही दिलं तर प्यायचं.

"तुही ती बिनवशिंडाची मले दे."

मग तेच बोलू लागले, थांबत थांबत. म्हणाले, बाप कोणी का असेना, आई धाकलीचीच हाये. हिले माह्या वळूखाली दाखवतो. तिची कालवड दुसऱ्या वळूखाली. तिची तिसऱ्या. चार पिढ्यांत जात पुन्हा घरी येईल. वळू म्हातारा झाला, दोनेक वर्षं काम देईल, म्हणून आता आलो. "मले दिसनार नही ते," ते म्हणाले. "पन सुरू तर झालं पाहिजे."

चार पिढ्या म्हणजे वीसेक वर्षं. त्यांना ते माहीत होतं. ज्या जनावराकडे त्यांनी इतकी वर्षं बघितलं नाही, तेच मागायला ते आले होते, माझ्या सासरच्या माणसांदेखत, टोपी काढून. मला वाटलं, उठून त्यांच्या डोक्यावर टोपी घालावी. आणि लाजेची गोष्ट सांगते, त्याच क्षणी माझ्या मनात आठ लिटर दूधही आलं. चार घरांचे रतीब आले. माझी ताठ मान आली. मी गप्प राहिले. फार वेळ नाही, पण आबांनी मान खाली घालण्याइतका वेळ.

सासूबाईच बोलल्या. "देई टाक, पोरी," त्या म्हणाल्या. "बाप मांगी राहिना. देई टाक."

मी दिली. आत जाऊन हळद-कुंकू आणलं, गाईच्या कपाळाला लावलं आणि दावं आबांच्या हातात दिलं. माझ्या लग्नात त्यांनी माझ्या हातात दिलं होतं, तसंच.

ती चालत जाणं शक्य नव्हतं. तिचे खूर मऊ, दोन कोसांत ती बसली असती. टेम्पो केला. आबा मागे तिच्याशेजारी उभे राहिले, एका हाताने फळी धरून आणि दुसरा तिच्या सपाट पाठीवर ठेवून.

तिचं तिकडे सोपं गेलं नाही. तिला ऊन सोसायचं नाही, गोचीड धरायचे. आबांनी तिच्यासाठी कापसाच्या पऱ्हाट्यांचा मांडव घातला आणि चैत्र-वैशाखात दुपारी दोनदा तिच्या अंगावर पाणी ओतायचे. आमच्या निमाडी गाईंना त्यांनी कधी सावलीत बांधलं नव्हतं. पारावरच्या मंडळींना नवा विषय मिळाला. जन्मभर जर्सीला नावं ठेवली आणि आता म्हातारपणी जर्सीला आंघोळ घालतोय, म्हणून हसायचे. आबा म्हणायचे, "गाईचा काय दोष? तिले कोनी इचारलं?" हे ऐकून मी घरात निघून गेले होते.

दुसऱ्या वर्षी ती त्या म्हाताऱ्या वळूपासून व्यायली. वळू त्यानंतर पावसाळा काढू शकला नाही. आबांनी त्याला बांधाला, आमच्या आजोबांनी लावलेल्या कडुलिंबाखाली पुरलं.

मी आखाजीला गेले तेव्हा वासरू चार महिन्यांचं होतं. कालवड. तोपर्यंत आबांना दुसऱ्या डोळ्यानेही अंधुकच दिसत होतं. ऑपरेशनला तयार नव्हते. मी मुलीला घेऊन गोठ्यात गेले. त्यांनी पाऊल ओळखलं आणि म्हणाले, "आलीस? रंग कसा हाये, सांग. तुही माय मले खुश करायले तांबडी सांगते."

मी बघितलं. तांबडी नव्हती. मळकट पिवळ्यावर तांबूस झाक होती, आणि पोटाखाली हाताएवढा पांढरा शिंतोडा. मी खरं ते सांगितलं. ते ऐकून त्यांनी मान हलवली. मग माझ्या मुलीला जवळ बोलावलं, तिचा हात आपल्या हातात घेतला आणि वासराच्या खांद्यावर ठेवला. स्वतःचा हात तिच्या हातावर. आणि बुबुळं दुधाळ झालेली असतानासुद्धा जुन्या सवयीने डोळे मिटले.

"हाताले लागतं का काही?" त्यांनी तिला विचारलं.

"उंच आहे थोडं," ती म्हणाली.

"बोटभर हाये," आबा म्हणाले. "तुह्या आईची चूक एवढी फिटली. बाकीची तुह्या लग्नात पाहू."

ते पुढच्याच थंडीत गेले. त्या वासराला काय म्हणायचं, हे त्यांनी आधीच ठरवून ठेवलं होतं. आईने त्यांच्यामागे तिला त्याच नावाने, "धाकलीची" म्हणून हाक मारली, आणि मी तिथे असूनही "ओ" मात्र माझ्या मुलीने दिली.